अकरा कड्या

"दोनच मिन्टं बोलायला लावा, दादांस्नी दहाला वारणानगरला पोचायचं हाय," माझ्या मागं उभा असलेला माणूस श्रद्धांजलीला नावं पुकारणाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला. शांताक्कांचं रक्षाविसर्जन होतं. राख सावडून झाली होती, नैवेद्य ठेवला होता आणि कावळ्याची वाट बघत माणसं उन्हात उभी होती. नाव पुकारलं गेलं तसे आमच्या वॉर्डाचे ग्रामपंचायत सदस्य पुढं आले. त्यांना सगळा गाव दादा म्हणतो, मीही इथं तेवढंच म्हणणार आहे. गावाचं नावही लिहीत नाही. शिरोली एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायका पहाटे जिथून जिथून वडापच्या जीपमध्ये बसतात, त्यातलं एक आमचं गाव, एवढं पुरे. दादांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "आक्कांच्या प्रेरणेनं आपण गावात सरकारी पाळणाघर आणलं. आक्का गेल्या, पण या गावातल्या एकाही लेकराची आबाळ होणार नाही, हा माझा शब्द." माणसांनी माना हलवल्या. माझ्या शेजारची बाई ओठ न हलवता तिच्या जावेला म्हणाली, "ह्यांचं आटपल्याबिगर कावळा कुठला येतोय?" आणि दोघी पदराआड हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्यापासून चार हातांवर रूपाली उभी होती, कडेवर तिचा आठ महिन्यांचा मुलगा. त्याला ठेवायला जागा नाही म्हणून तिची नोकरी गेली होती. त्या जागेचं काय झालं, हे तिथं जमलेल्या सगळ्यांत मला सर्वांत नीट ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं... बोलले नाही. घरी आले, डोक्यावरून आंघोळ केली आणि दार लावून बसले.

गेलेल्या माणसावर लिहिताना मन निवलेलं असावं म्हणतात. माझं निवलेलं नाही, आणि ते निवावं अशी माझी इच्छाही नाही. शांताक्कांना जाऊन सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत लोक मला भेटून "सोनं होत्या हो आक्का" म्हणतात, आणि मी "हो" म्हणते, आणि मनात त्यांना विचारते, की मग त्यांच्या दारावर कागद चिकटवला तेव्हा तुम्ही कुठं होता? मग तोच प्रश्न स्वतःला विचारते. मी कुठं होते, ते पुढं येईलच.

आक्का मूळच्या निपाणीच्या पलीकडच्या. लग्न होऊन इकडं आल्या त्याला चाळीस वर्षं होऊन गेली असतील, तरी लहान मुलाला जवळ बोलावताना त्यांच्या तोंडून कानडीच यायचं, "बा मगा, बा." आमच्या गल्लीतली कितीतरी मराठी मुलं 'ये' कळायच्या आधी 'बा' ऐकून रांगत पुढं गेली, त्यातली मी एक. मी दहा महिन्यांची असताना आई फौंड्रीच्या कोअर शॉपमध्ये लागली. ओतकामाच्या आत पोकळी राहावी म्हणून वाळूचे गाभे करतात, ते काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. पहिली पाळी सातला. सव्वासहाला वडाप. म्हणजे सहाच्या आत मूल कुणाच्या तरी हातात द्यायचं. आजी मूळ गावाकडं, बाबा दुसऱ्या पाळीवरून येऊन झोपलेले. आईनं मला आक्कांच्या दारात नेलं, आणि आक्कांनी आधी मला नाही, छताकडं बघितलं, असं आई सांगते.

छताकडं बघायचं कारण होतं. आक्कांचे यजमान वेल्डर होते. त्यांनी दोन्ही खोल्यांच्या पत्र्याखाली लोखंडी अँगल टाकून त्याला अकरा कड्या जोडून दिल्या होत्या. एका कडीला एक झोळी. यजमान लवकर गेले, कड्या राहिल्या, आणि पुढं त्या कड्याच आमच्या भागातलं जागा मोजायचं माप झाल्या. कुणी 'पाळणाघरात प्रवेश' असं म्हणायचं नाही. "आक्का, एक कडी धरून ठेवा माझ्यासाठी" असंच सगळ्या म्हणायच्या. पाळी चुकलेली सून सासूला सांगायच्या आधी आक्कांना सांगून जायची. बारावी बाई आली की आक्का नाही म्हणायच्या, आणि त्यांना ते नाही म्हणणं फार जड जायचं. मी सात-आठ वर्षांची असताना एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन तासभर उंबऱ्यात बसून राहिलेली मला आठवते. आक्का तिला म्हणत होत्या, "अगं, मला दोनच हात हायत. बाराव्याला घेतलो तर अकरातलं एक रडत ऱ्हातंय. तुझं घेतो आनी तुझंच रडत ठेवतो, चालंल तुला?" ती बाई गेली. आक्का त्या दिवशी दुपारचं जेवल्या नाहीत.

झोळीचा त्यांचा एक कायदा होता. कापड आईच्या अंगावरचं पाहिजे, आदल्या दिवशी नेसलेलं, न धुतलेलं. दर सोमवारी बायका जुनी साडी परत न्यायच्या आणि दुसरी नेसलेली आणून द्यायच्या. एखाद्या नव्या आईनं चांगुलपणानं घडी घातलेली स्वच्छ साडी आणली की आक्का ती नाकाशी धरायच्या आणि परत करायच्या. "धुतल्यालं आणलाईस व्हय ग? आईचा वास गेला की सगळा साबणात. पोरगं काय निरम्याला बिलगून झोपंल?" कोअर शॉपमधल्या बायकांच्या साड्यांना वाळूचा, तेलाचा आणि रेझिनचा एक तिखट वास असतो. तो वास आला की आमच्यातलं कुठलंही मूल दोन हेलकाव्यांत झोपायचं. मी पुढं बालमानसशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक वाचलं, त्यात हीच गोष्ट चार पानांत सांगितली होती. आक्कांनी ती एका शिवीत सांगितली असती.

कारण शिव्या त्या भरपूर द्यायच्या, आणि मुलांना नाही, आयांना. "कंपनी तुझ्या बापाची हाय काय ग? साडेतीनला सुटतीस आनी पाचला उगवतीस!" त्यावर ती बाई म्हणायची, "आक्का, बाजार करून आलो की." "मग पोरगं बी बाजारातनंच घ्यायचं हुतंस, हितं कशाला ठेवलाईस?" बाई हसायची, आक्का हसायच्या नाहीत, पण त्या बाईच्या पिशवीत डब्यात उरलेल्या दोन भाकऱ्या जायच्या. माझी व्हॅन शाळेतून अडीचला मला तिथंच सोडायची. गावातली इंग्लिश मिडियमला जाणारी मी पहिली मुलगी. टाय, बूट, आणि तोंडातून शब्द नाही. बायका कौतुकानं म्हणायच्या, बोल की ग इंग्लिश. मी भिंतीला पाठ लावून बसायची. एकदा कुणीतरी म्हणालं, "ही मुकी हाय काय?" तर आक्का झोळीची दोरी ओढता ओढता म्हणाल्या, "मुकी न्हाय. बघत बसत्या ती. बघू दे की, बघायला काय पैसं पडत्यात?" माझ्याबद्दल इतकं खरं वाक्य अजून कुणी बोललेलं नाही. मी बघत बसते. आयुष्यभर तेवढंच केलं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर दादा आक्कांच्या घरी आले, तेव्हाही मी बघतच बसले होते. तोवर माझं बी.कॉम. झालेलं, मी ओतकामाचे साचे करणाऱ्या एका पॅटर्न शॉपच्या ऑफिसात लागलेली, आणि रविवारी आक्कांकडं जायचा माझा परिपाठ. दादांनी बातमी आणली की नोकरदार आयांच्या मुलांसाठी जागा वाढवायच्या म्हणून सरकार गावोगावी पाळणाघरं काढतंय, आणि आपल्या गावाला एक मिळालंय. अंगणवाडीच्या शेजारची खोली रंगवून झालीय. आक्का खरोखर खूष झाल्या, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण नंतर लोक म्हणाले की म्हातारीला सरकारी पाळणाघर बघवलं नाही. त्या म्हणाल्या, "लई बेस केलासा दादा. माझ्याकडं कड्या अकरा आनी बायका ईस. हुंदे की!" दादांनी चहा घेतला, आणि मग कप खाली ठेवून म्हणाले, "एक अडचण हाय आक्का. उद्घाटनाला सायेब येनार, आनी पोरं अजून कुठली? खोली मोकळी दिसंल. तुमची पोरं द्या की दोन तासापुरती... उसनी."

शहरातल्या वाचकांना हे विचित्र वाटेल. आमच्याकडं नाही वाटत. आमच्याकडं लग्नाला पातेली उसनी मिळतात, बारशाला पाळणा उसना मिळतो, आजारपणात शेजारची सून चार दिवस उसनी मिळते. दिवेलागणीनंतर मीठ आणि दही सोडलं तर मागितलेल्या गोष्टीला नाही म्हणायचं नाही, आणि उसनं भांडं परत करताना रिकामं पाठवायचं नाही, ही आमची रीत. आक्कांनी तर जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं, फक्त बाराव्या मुलाला. त्या लगेच म्हणाल्या, "न्या की, त्यात काय ईचारायचं? चांगल्या कामाला मोकळा हात नसावा." आणि मग दादांनी खिशातून मोबाईल काढला. त्यावर मुलांची माहिती भरायची होती. ज्यांनी भरायची त्यांनी ती दादांवर ढकललेली, दादांना ते जमेना. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ही आपली इंग्लिश मिडियमची पोरगी हाय की! घे ग बाळ, भर पटापट."

फॉर्म इंग्रजीत होता. हे वाक्य मी गेले कित्येक दिवस पुन्हा पुन्हा मनात म्हणते आहे. खोलीत आम्ही तिघंच, आणि तो वाचता येणारी मी एकटी. वर लिहिलेलं होतं की ही मुलं या केंद्रात कायमची दाखल होत आहेत, दिवसभर इथंच राहणार आहेत, आणि त्यांची दुसरीकडं कुठंही सोय नाही. खाली 'मान्य' म्हणून चौकोन. मी थांबले. दादा म्हणाले, "कशाला थांबलीस? आक्का हायत की म्होरं." आक्का तोवर हजेरीची वही घेऊन आल्या होत्या आणि मोठ्या अभिमानानं एकेक नाव वाचून दाखवत होत्या. मीच त्यांना ती वही लावून दिली होती, आधारच्या नंबरांसकट. "नीट लिही ग, पोरांची नावं चुकवू नकोस," त्या म्हणाल्या. मी नावं चुकवली नाहीत. प्रत्येक नावाचं स्पेलिंग बरोबर लिहिलं, आईचं नाव, आधारचा नंबर, सगळं. अकरा वेळा त्या चौकोनावर बोट ठेवलं. आपल्याला काय करायचंय, फोटोपुरतं तर आहे, नंतर काढून टाकतील... असं मी स्वतःला सांगितलं. मोठ्या माणसाला मध्येच अडवून 'हे असं नाही' म्हणायला जो आवाज लागतो, तो माझ्याकडं नव्हता. लाजाळूपणाला लोक सद्गुण समजतात. मी आता समजत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी आक्कांनी अकरा मुलांना न्हाऊ घातलं, काजळ लावलं, तीट लावली. झोळ्याही न्यायला निघाल्या, तर दादा म्हणाले, "झोळ्या नको आक्का, फोटोत बरं दिसत न्हाय. कॉट आल्यात नव्या." कॉट आल्या होत्या, गाद्यांवरचं प्लास्टिक तसंच होतं. मुलांना त्यावर निजवलं आणि अकराच्या अकरा मुलांनी एकदम गळा काढला. सायेब दारात आलेले. मग दादांनी आक्कांना कॉटच्या मागं खाली बसायला लावलं, म्हणजे मुलांना आवाज ऐकू येईल आणि कॅमेऱ्यात त्या दिसणार नाहीत. त्या बसल्या, गुडघे दुखत असताना अर्धा तास फरशीवर बसल्या आणि बारीक आवाजात "बा मगा, बा मगा" म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. सायेब, दादा, रिबन, मुलं. आक्का नाहीत. डावीकडच्या शेवटच्या कॉटच्या दांडीवर नुसता एक हात आहे, मनगटापर्यंत. मुलं परत आली ती प्रत्येकी एक बिस्किटाचा पुडा घेऊन. "दादांनी भांडं रिकामं न्हाय पाठवलं," आक्का म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही सगळ्या त्यावर हसलो होतो.

सरकारी पाळणाघर उघडायचं दहाला आणि बंद व्हायचं दीडला. कोअर शॉपची पाळी सात ते साडेतीन. हे समजायला कुठलाही अभ्यास लागत नाही, सकाळी सव्वासहाला चौकात येऊन उभं राहायला लागतं. पाच-सहा जणी मिळून दादांकडं गेल्या, माझी आईही त्यांच्याबरोबर गेली. दादा म्हणाले, "येळ मी ठरवत न्हाय, सरकार ठरवतंय. तुमी कंपनीला सांगा की दहाला बोलवा म्हणून." खोलीत मुलं येईनात. तिथल्या मदतनीस बाईला मी दोष देत नाही, तिला जी वेळ दिली ती तिनं पाळली, रिकाम्या खोलीत बसून पाळली. पण कागदावर अकरा मुलं होती आणि खोलीत एकही नव्हतं, आणि कागद खरा करायचा तर मुलं आणायला हवी होती. जवळची मुलं आक्कांकडं होती. होळीच्या आधी आक्कांच्या दारावर पत्र चिकटवलं गेलं. या घरात विनापरवाना पाळणाघर चालतं, झोळ्या सुरक्षित नाहीत, आणि इथली मुलं शासकीय केंद्रात दाखल असूनही इथं अडवून ठेवली जातात, तरी हे तात्काळ बंद करावं. दादा स्वतः आले, वाईट वाटल्यासारखा चेहरा करून. "मी तरी काय करू आक्का? वरनं आलंय. तुमी पोरं सोडलासा की आपसूक तिकडं येत्यात बगा." आक्का म्हणाल्या, "मी धरल्यात व्हय त्यास्नी? दार उघडं हाय. बोलवा की, कोन येतंय ते बगू." दादा हसले. त्यांनी बोलावलं नाही, आणि आक्कांनी दार लावलं. आयुष्यभर तोंडाला येईल ते बोलणारी ती बाई शिक्क्याच्या कागदाला मात्र भ्यायची. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ बायका अशाच भितात. झोळ्या सोडून साड्या ज्याच्या त्याला परत दिल्या. या वेळी घड्या घालून, धुऊन.

मग मुलं कुठं गेली? दादांनी कधी विचारलं नाही, म्हणून लिहिते. रूपालीनं नोकरी सोडली. एकीनं गावाकडून आजारी सासूला आणून बसवलं. एक मूल महिनाभर कंपनीच्या कँटीनमागं पोत्यावर झोपलं, मग तिथल्या सुपरवायझरनं बंद केलं. आणि आमच्याच गल्लीतल्या सुनीतानं तिच्या मोठ्या मुलीचं, स्वातीचं, तिसरीतून नाव न काढता शाळेत जाणं थांबवलं, धाकट्याला सांभाळायला. स्वाती नऊ वर्षांची आहे. ती सकाळी भावाला काखेत घेऊन दारात उभी असते आणि शाळेत जाणाऱ्या मुलींकडं बघत नाही. मला ते न बघणं ओळखता येतं.

आक्का बंद खोलीतही पहाटे पाचला उठायच्या, बंबात पाणी तापवायच्या आणि मग ते कुणासाठी हे आठवून बंब विझवायच्या. मी रविवारी जायची. एका रविवारी त्यांनी ते पत्र पुन्हा वाचायला दिलं. "'दाखल' म्हंजे काय ग? ही पोरं कवा दाखल केली त्यांनी? मी तर उसनी दिल्याली." मला तिथं खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं. फॉर्म काय होता, चौकोन काय होता, त्याच्या वर काय लिहिलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुला वाचता येत हुतं?" मी म्हटलं, हो. "समदं?" हो, आक्का. त्यांनी वर रिकाम्या कड्यांकडं बघितलं. "मग बोलली का न्हाईस ग?" त्यांनी चहा टाकला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "घे आनी जा. उशीर झाला असंल तुला." मला कसलाही उशीर झाला नव्हता. त्यानंतर दोन रविवार मी गेले नाही, तिसऱ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी त्या गेल्या. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. डॉक्टरांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. दादांनी खांदा दिला, अगदी पुढचा. लोक म्हणतात, आक्कांनी तुला केव्हाच माफ केलं असणार. लोकांनी त्यांना ओळखलेलंच नाही. त्या चुकलेल्या आईला भाकरी द्यायच्या, पण चुकलीस हे म्हणायचं सोडायच्या नाहीत. आणि त्यांनी मला माफ केलं असलं तरी दादांना केलं नसतं, तेव्हा मीही ते करणार नाही.

त्यानंतरचे दिवस मी सूड घेण्यात घालवले, मनातल्या मनात. निनावी पत्र लिहिलं, इंग्रजीत, चांगलं लिहिलं आणि फाडलं. तो फोटो मोठा छापून चौकात लावावा, त्या हाताभोवती तांबडा गोल करावा, असं ठरवलं. दादांच्या नातवाला सकाळी सहाला आणून त्या बंद खोलीच्या पायरीवर बसवावं, असंही एका दुपारी मनात आलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही. पण हे सगळं आवाज न करता करायचे सूड होते. असले सूड दादांसारख्या माणसाला लागत नाहीत.

मागच्या आठवड्यात गावात बैठक झाली. एमआयडीसीच्या आसपासच्या गावांत पूर्ण दिवसाची पाळणाघरं द्यायची आहेत, पाळीच्या वेळेप्रमाणे उघडणारी, असं वरून ठरलं आहे, आणि त्यासाठी एक अधिकारी मॅडम गावोगाव फिरत होत्या. ज्या गावातल्या जागा भरलेल्या आहेत आणि मागणी उरलेली नाही, ती गावं या यादीत येत नव्हती. आमच्या गावापुढं लिहिलेलं होतं, जागा भरलेल्या, मागणी नाही. ते बदललं नाही तर रूपालीला, सुनीताला आणि पुढं येणाऱ्या कुणालाच काही मिळणार नव्हतं. सभागृहात पुढं खुर्च्यांवर पुरुष, मागं सतरंजीवर बायका, पाळी सुटून तशाच आलेल्या. स्वाती भावाला मांडीवर घेऊन खांबाशी बसली होती. मॅडमनी लॅपटॉप उघडला, आणि दादांनी चौफेर बघितलं आणि मला हाक मारली, आधी मारली होती तश्शीच. "ये ग बाळ, मॅडमना नावं वाचून दाखव. हिनंच भरल्यात मॅडम, एक चूक सापडायची न्हाय!"

माणूस एकदा ज्या हत्यारानं काम करतो त्याला धार असते हे तो विसरतो. मी उठले. पडद्यावर अकरा नावं होती, माझ्या स्पेलिंगची. मी पहिलं नाव वाचलं आणि थांबले. मॅडम म्हणाल्या, "वाचा की पुढं." दादा म्हणाले, "लाजत्या हो जरा, पैल्यापासनं." कुणीतरी हसलं. मी वळून बायकांकडं बघितलं. आई माझ्याकडं बघत होती, आणि मला वाटलं ती मान हलवून नको म्हणेल, तिची नोकरी, बाबांची नोकरी, दादांच्या शब्दावर या गावात काय काय अडतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिनं मान हलवली नाही. हा लेख छापून येईपर्यंत त्या यादीचं काय होईल ते मला ठाऊक नाही. माझं काय होईल तेही नाही. पण त्या दिवशी माइक हातात नसताना मागच्या भिंतीपर्यंत गेलेला आवाज माझाच होता, हे मला आई शपथेवर सांगते. मी म्हणाले:

"मॅडम, ही अकराही नावं खोटी आहेत. मीच भरली, वाचून, समजून भरली. दादांनी सांगितलं म्हणून भरली. यातलं एकही मूल त्या खोलीत एक दिवस राहिलेलं नाही, आणि जिथं राहत होतं ते घर यांनी बंद पाडलं. आता मी एकेक नाव वाचते. प्रत्येकाची आई इथं बसलीय. ते मूल आज सकाळी सात वाजता कुठं होतं, ते तिला विचारा आणि लिहून घ्या. सगळ्यात वर माझं नाव लिहा, त्याच्या खाली दादांचं."